आठ वारांचा किल्ट, खिशाला परवडेल असा

आमच्या भाच्याचे लग्न ठरले. मुलगी स्कॉटलंडची, पर्थ शहराजवळच्या एका गावातली. भाचा एडिनबराला शिकायला म्हणून गेला, तिथेच नोकरीला लागला, आणि एके रात्री फोनवर "आत्या, आधी तुला सांगतो, मग तू बाबांना सांग," असे म्हणाला, तेव्हाच मी काय ते ओळखले. दादाला सांगायला मला दोन दिवस लागले, त्याला ते पचायला चार. वहिनी धारवाडच्या. त्यांनी मुलीचा फोटो बघितला, "छंद अदाळ" म्हणाल्या आणि विषय संपवला.

खरा घोळ झाला तो निमंत्रणपत्रिका आली तेव्हा. खाली एक ओळ होती : पुरुषांनी हायलँड पोशाख किंवा आपापल्या देशाचा पोशाख करावा. म्हणजे दादाने धोतर, कोट आणि फेटा केला असता तरी चालणार होते. मुलीच्या वडिलांनी तसे फोनवर स्पष्ट सांगितलेही. पण दादाचे डोके वेगळे चालते. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात ती माणसं बेळगावला येऊन फेटा बांधून पंगतीला बसणार. मग मी त्यांचं आठ वार नेसलं तर काय बिघडलं? आईनं जन्मभर नऊ वार नेसलं की."

आठ वार हा काही विनोद नव्हे. परंपरागत किल्टला खरोखरच ८ वार कापड लागते. बहुधा दुप्पट पन्ह्याचे ४ वार घेतात, मधोमध कापतात आणि जोडून ८ वार करतात. एवढ्या कापडाच्या निऱ्या पाठीमागे बसतात, पुढे एकावर एक असे दोन सपाट पदर येतात आणि चामड्याच्या पट्ट्यांनी ते कमरेला बांधले जाते. नऊवारी नेसणाऱ्या घरात हे समजावून सांगायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

समजायला वेळ लागला तो किमतीला.

किल्ट म्हणजे फक्त किल्ट नव्हे. कोट, त्याच्या आतली बंडी, कमरेपुढे लोंबणारी 'स्पोरन' नावाची थैली, गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे, मोज्यांच्या दुमडलेल्या पट्टीखालून डोकावणाऱ्या कापडी झिरमिळ्या, जोडे, आणि हौस असेल तर मोज्यात खोचायची छोटी सुरी. स्कॉटलंडमध्ये हाताने शिवलेला, अस्सल लोकरीचा आठवारी किल्ट नवा घ्यायचा तर एकट्या किल्टलाच ५०० ते ८०० पौंड पडतात. बाकीचे सगळे धरले की हजाराच्या पुढे आकडा जातो, आणि पौंडाला शंभराच्या वर रुपये मोजावे लागतात. "इष्ट रोक्का?" वहिनी खुर्चीतच बसल्या. दादा निवृत्त शिक्षक. मुलाच्या शिक्षणाचे कर्ज अजून फिटायचे होते आणि त्या हप्त्यात दादाच्या पेन्शनचा वाटा होता. विमानाची दोन तिकिटे काढून झाली होती. शिवाय इकडचा स्वागत समारंभ व्हायचा होता.

भाड्याने पूर्ण पोशाख मिळतो. तिकडे बरेचसे लोक लग्नाला तेच करतात. १०० पौंडांच्या आगेमागे दोन-तीन दिवसांसाठी सगळे मिळते, अगदी जोड्यांपासून. ज्याला आयुष्यात एकदाच घालायचा आहे त्याने बिनदिक्कत भाड्याने घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण भाच्याचे तसे नव्हते. तो आता तिथेच राहणार. तिकडे मित्रांची लग्ने, पदवीदान, २५ जानेवारीची बर्न्स नाइट, ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे, दर वेळी किल्ट निघतो. पाच वेळा भाडे भरले की त्यात एक बरा किल्ट विकत येतो. आणि दादाचे म्हणणे, "मुलाच्या लग्नात मी भाड्याच्या कपड्यात उभा राहणार नाही." आता यावर काय बोलणार?

फसलेला सौदा

घाईत पहिली चूक दादानेच केली. इंटरनेटवर ४० पौंडांत 'अस्सल स्कॉटिश किल्ट' दिसला, भाच्याला न विचारता त्याने मागवला. विक्रेत्याचे नाव घेत नाही. पार्सल आले, उघडले, आणि वहिनींनी बोटांत कापड धरून निकाल दिला : हे आपल्या दुकानातल्या स्वस्तातल्या शालीसारखे आहे. आतून एक धागा काढून काडेपेटीने जाळला. रेशीम ओळखायला आपण हेच करतो ना? लोकर जळली तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. हा धागा वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. ॲक्रिलिक. निऱ्या नुसत्या इस्त्रीने बसवलेल्या, एकदा बसून उठले की पसरणाऱ्या.

आणि तो दादाच्या कमरेला बसलाच नाही. ही चूक मात्र विक्रेत्याची नव्हती. दादाच्या पँटची कंबर ३४. त्याने तेच लिहून पाठवले. पण किल्ट पँटच्या जागी बांधत नाहीत, तो वर, बेंबीच्या रेषेत बसतो, आणि तिथे निवृत्तीनंतरच्या दादाचे माप भरले ३८! किल्टसाठी तीन मापे घ्यायची असतात. बेंबीच्या पातळीवर कंबर, बसतो तिथला सर्वांत रुंद घेर, आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी. माप स्वतःचे स्वतः घेऊ नये, वाकून बघितले की टेप सरकतो. दुसऱ्याला घ्यायला लावावे. गुडघे टेकून ताठ उभे राहिल्यावर किल्टची कड जमिनीला लागू नये, जरा वर राहावी, ही तिकडची जुनी परीक्षा.

चाळीस पौंड गेले. त्या किल्टच्या आता आमच्याकडे दोन उशा आहेत.

असे स्वस्त किल्ट कुठे बनतात, हेही सांगायला हवे. पाकिस्तानातल्या सियालकोटला बॅगपाइप आणि हायलँड पोशाखाच्या वस्तू बनवण्याचा मोठा उद्योग आहे, जगभर माल जातो. तिथले सगळेच वाईट असे नाही. पट्टे, बकल, साध्या स्पोरन तिथल्या घेतल्या तर पैसे वाचतात. एडिनबराच्या रॉयल माइलवर पर्यटकांसाठी मांडलेले किल्ट असतात, त्यांतलेही कितीतरी ३०-४० पौंडांचे, ॲक्रिलिकचे. फुटबॉलचा सामना बघायला जाताना तिकडची तरुण मुले तसले घालतात. लग्नात मात्र ते लांबूनही ओळखू येतात.

मधला मार्ग म्हणजे पॉलिव्हिस्कोस. हे मिश्र कापड बरे दिसते, घरी धुता येते आणि नवा किल्ट लोकरीच्या मानाने कितीतरी कमी पैशांत येतो. ज्याला लोकर टोचते किंवा जुने घालायचे नाही, त्याला हे योग्य. पण त्याच्या निऱ्या लोकरीसारख्या झुलत नाहीत. लोकरीच्या कापडाचे वजन वाराला किती औंस यावर मोजतात : १०-११ म्हणजे हलके, १३ मध्यम, १६ भारी. सोळा औंसाचा आठवारी किल्ट हातात घेतला की दोन किलोच्या आसपास भरतो. वजनामुळेच तो चालताना मागे-पुढे डोलतो आणि वाऱ्यात उडत नाही. आपल्या जरीकाठी साडीचा पदर कसा जड असतो, तसेच.

लग्नाला जुना कपडा?

भाच्याने मग सुचवले, "बाबा, जुना घेऊ." फोन स्पीकरवर होता. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "मदुवीगे हळे अरिवी?"

आपल्याकडे हे चालत नाही, मला माहीत आहे. शुभकार्याला दुसऱ्याचा वापरलेला कपडा, तोही कोणाचा कोण जाणे! वहिनी तीन दिवस या विषयावर बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांना एवढेच विचारले की, त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांनी नेसलेले इरकल कोणाचे होते. ते त्यांच्या आजीचे होते. वहिनी म्हणाल्या, "ते आमच्या घरचं होतं." बरोबर आहे. फरक आहेच, आणि मी वाद वाढवला नाही. पण तिकडे किल्ट हा बापाचा मुलाकडे आणि मुलाचा नातवाकडे जाणारा कपडा आहे. नीट शिवलेला किल्ट तीस-चाळीस वर्षे सहज टिकतो. मुलीचे आजोबा लग्नात जो घालणार होते, तो त्यांच्या वडिलांचा होता. घरात घालणारे कोणी उरले नाही की तो दानाच्या दुकानात जातो.

दानाची दुकाने, म्हणजे लोकांनी दिलेल्या वस्तू विकून तो पैसा हृदयरोग, कर्करोग, बेघरांसाठीच्या कामाला लावणारी. एडिनबरात स्टॉकब्रिज आणि मॉर्निंगसाइड या भागांत ती ओळीने आहेत. सुखवस्तू वस्ती, म्हणून तिथे येणारा मालही चांगला. ग्रासमार्केटमध्ये आर्मस्ट्राँग नावाचे १८४० पासूनचे जुन्या कपड्यांचे दुकान आहे, तिथेही किल्ट मिळतात. भाचा सहा शनिवार हिंडला. रोज फोनवर फोटो यायचे, आणि इकडे आम्ही तिघे चष्मे लावून बसायचो.

बघायचे काय? यावर जरा विस्ताराने लिहिते, कारण इथेच पैसे वाचतात किंवा बुडतात.

पहिली गोष्ट लांबी. किल्टची खालची कड ही मुळात कापडाची किनार असते, दुमडून शिवलेली नसते. त्यामुळे खालून सोडायला काही नसते आणि कापले तर किनार जाते. लांबी जुळली नाही तर किल्ट कितीही सुंदर असो, खाली ठेवावा. कंबरेचे तसे नाही. चामड्याच्या पट्ट्या आणि बकले सरकवून इंच-दोन इंच कमी-जास्त सहज होते. पट्ट्या तुटलेल्या असतील तर नव्या स्वस्तात लागतात, त्यावरून घासाघीस मात्र जरूर करावी.

दुसरी गोष्ट कसर. किल्ट उजेडासमोर धरायचा आणि एकेक निरी उघडून बघायची. बारीक भोके निरीच्या आत असतील तर चालते, पुढच्या पदरावर असतील तर नको. तिसरी, शिलाई. निऱ्या वर कमरेपासून बसायच्या जागेपर्यंत शिवलेल्या असतात. हाताची शिलाई असेल तर बाहेरून टाका जवळजवळ दिसत नाही, आतून दिसतो. मशीनची सरळ रेघ लगेच कळते. चौथी गोष्ट मला सर्वांत आवडली. चांगल्या किल्टमध्ये निऱ्या अशा घातलेल्या असतात की मिटल्यावर मागेही टार्टनचा चौकडा अखंड जुळतो, मध्ये कापड दुमडले आहे हे समजतच नाही. पलटणीच्या किल्टमध्ये मात्र प्रत्येक निरीवर एकच पट्टा येईल असे शिवतात, तो दोष समजू नये. पैठणीचा काठ जोडताना विणकर नक्षी जुळवतो, त्याच जातीचे हे काम.

सहाव्या शनिवारी मॉर्निंगसाइडला एक मिळाला. गडद निळा-हिरवा-काळा, भारी लोकर, हाताची शिलाई, लांबी दादाला बरोबर, कंबर ३७. किंमत ७५ पौंड. आतल्या अस्तरावर कोणाच्या तरी नावाची आद्याक्षरे काळ्या धाग्याने भरलेली होती. वहिनींनी फोटोत ती अक्षरे मोठी करून बघितली आणि म्हणाल्या, "कोणाच्या तरी आईनं भरलंय हे." त्यानंतर त्यांचा विरोध मावळला. अक्षरे उसवायची नाहीत, अशी अटही त्यांनीच घातली.

कोणाचा टार्टन, कोणाचा हक्क?

दादाला एक धास्ती होती. टार्टन हा ज्याच्या त्याच्या कुळाचा असतो म्हणतात, मग आपण कोणाचा तरी घातला आणि कोणी हटकले तर? असे कोणी हटकत नाही. कुळांचे टार्टन आहेत, पण ते त्याच कुळाने घालावेत असा कायदा नाही. शिवाय कोणत्याही कुळाचे नसलेले पुष्कळ आहेत. दादाला मिळाला तो 'ब्लॅक वॉच', त्या नावाच्या पलटणीचा, ज्याला सरकारी टार्टन असेही म्हणतात. तो कोणीही घालतो. जिल्ह्यांचे आणि शहरांचे टार्टन असतात. स्कॉटलंडमधल्या शीख मंडळींचा 'सिंग' टार्टनसुद्धा आहे. २००९ पासून सरकारी नोंदवहीत नव्या टार्टनची नोंद होते. टाळायचा म्हणाल तर एक 'बाल्मोरल', तो राजघराण्यापुरता राखून ठेवलेला. तो दुकानात आपल्याला सापडण्याची शक्यता नाहीच.

एकेकाळी मात्र या कपड्यासाठी लोक तुरुंगात गेले आहेत. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडचे बंडखोर हरले, त्यानंतर इंग्रज सरकारने कायदा केला आणि १ ऑगस्ट १७४७ पासून तिथल्या पुरुषांना आणि मुलांना किल्ट व टार्टन घालायला बंदी केली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सूट फक्त पलटणीतल्यांना. ही बंदी १७८२ साली उठली. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, त्याच्या स्वागताची सगळी आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली आणि राजालाच किल्ट घातला. बंदी असलेला डोंगरी कपडा दरबारी झाला तो तेव्हापासून. आज जो 'फॉर्मल' हायलँड पोशाख म्हणून विकतात, त्याचा थाट बराचसा त्यानंतरचा आहे.

हे दादाला सांगितले तर तो इतिहासाचा मास्तर, त्याने उलट मलाच सुनावले, "असईच्या लढाईत, १८०३ साली, मराठ्यांच्या समोर हायलँडरच्याच पलटणी होत्या. ७४ आणि ७८ नंबरच्या. विसरलीस होय?" मी विसरले नव्हते, मला माहीतच नव्हते. बॅगपाइपचा आवाज मात्र आपल्या बेळगावकरांना नवा नाही. इथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि भारतीय सैन्यातल्या बँडनी हे वाद्य केव्हाच आपलेसे केले आहे.

कोट खडेबाजारात

किल्टवर साधा सूट-कोट घालून चालत नाही. साधा कोट लांब असतो, तो निऱ्या झाकतो आणि पुढे स्पोरनवर येतो. किल्टचा कोट आखूड आणि पुढून गोलाई देऊन कापलेला असतो. नवशिके लोक सरळ 'प्रिन्स चार्ली' घेतात. आखूड काळा कोट, चांदीची बटणे, तीन बटणांची बंडी, बो टाय. दिसतो झकास, पण तो संध्याकाळचा, मेजवानीचा कपडा आहे. काटकसरीने घ्यायचा असेल तर काळा 'आर्गाइल' घ्यावा. दिवसा पाच बटणांच्या बंडीवर लांब टाय लावला की तो लग्नाला चालतो, रात्री बो टाय लावला की मेजवानीला. भाड्याने देणारी दुकाने आपला वापरलेला माल मधूनमधून विकायला काढतात, हंगाम संपल्यावर विशेषतः. भाच्याला बंडीसकट आर्गाइल असाच ५० पौंडांत मिळाला. कोपरे आणि काखेचे अस्तर बघून घ्यावे, बाकी काही नाही.

दादाच्या कोटाची गोष्ट निराळी. त्याच्याकडे करड्या लोकरीचा एक जुना कोट होता. लग्न दुपारचे, म्हणजे करडा कोट रीतीत बसणारा. आम्ही तो घेऊन खडेबाजारातल्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो आणि मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. "हा बँडवाल्यांचा कोट आहे की हो मास्तर!" मग जेव्हा कळले की मुलाच्या लग्नाला, परदेशात, तेव्हा त्यांनी दुकानाचे शटर अर्धे ओढून काम सुरू केले.

चार इंच लांबी कमी केली. पुढचे दोन्ही कोपरे गोल कापले, जेणेकरून स्पोरन मोकळी राहावी. अडचण आली ती खालच्या खिशांची. लांबी कमी केल्यावर ते अगदी कडेला आले. शिंप्यांनी खिसे काढून, वरची झापे तेवढी वर सरकवून बसवली, खिसा नाहीच. बटणे बदलून शिंगासारखी दिसणारी लावली. मजुरी नऊशे रुपये घेतली, तीही दादाने बळेच दिली तेव्हा. ज्यांना हे करून घ्यायचे आहे त्यांनी आधी किल्ट बांधून मग कोटाची लांबी ठरवावी. आमच्याकडे किल्ट अजून पोचला नव्हता, म्हणून वहिनींचा परकर दादाला बेंबीवर बांधून माप घेतले. त्या प्रसंगाचा फोटो काढायला दादाने सक्त मनाई केली होती. तो माझ्याकडे आहे.

बाकीच्या किरकोळ गोष्टींवर फार खर्चू नये. स्पोरन तीन प्रकारची : साधी चामड्याची दिवसाची, चांदीच्या पट्टीची आणि फरची रात्रीची, आणि दोन्हींच्या मधली, पुढे थोडी फर आणि वर चामड्याचे झाकण. मधली घ्यावी, ती दोन्हीकडे चालते. जोडे लांब नाड्यांचे 'गिली ब्रोग' असतात, पण आपले काळे, नाडीचे, पॉलिश केलेले साधे बूट अगदी रीतसर चालतात. मोजे पांढरे घेऊ नका. भाड्याच्या दुकानांनी पांढऱ्या-साय रंगाच्या मोज्यांची टूम काढली आहे, जुनी मंडळी नाक मुरडतात. गडद हिरवे किंवा करडे घ्या, मळतही कमी. बंडी घातली तर वरून रुंद पट्टा बांधत नाहीत, म्हणजे तोही खर्च वाचला. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला, उजवीकडे खाली लावायची. दोन्ही पदरांतून टोचली तर चालताना कापड फाटते.

सुरी, तिला 'स्किअन डू' म्हणतात, मोज्यात खोचतात. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगायला तिथला कायदा परवानगी देतो, पण विमानात हातातल्या सामानात ठेवली तर जप्त होणार. ठेवायचीच तर चेक-इनच्या बॅगेत. दादाने घेतलीच नाही. "भाजी चिरायची आहे काय मला?"

जे नवे घेणार असतील त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. पूर्वी पर्यटकांना तिथल्या विक्रीकराचे पैसे विमानतळावर परत मिळत. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ती सोय २०२१ पासून बंद झाली. दुकानाने माल परस्पर भारतात पाठवला तर तो कर लागत नाही, पण मग इकडे सीमाशुल्क लागते. हिशेब आधी करावा.

आमचा हिशेब असा झाला. दादाचा किल्ट ७५, स्पोरन ३०, मोजे आणि झिरमिळ्या २०, मिळून १२५ पौंड, वर शिंप्याचे नऊशे रुपये. सदरा, टाय, बूट घरचे. एका वेळच्या भाड्यापेक्षा थोडेसेच जास्त. (फसलेले चाळीस दादा हिशेबात धरू देत नाही.) भाच्याने स्वतःसाठी किल्ट मात्र नवा शिवून घेतला, कर्जाचा हप्ता सांभाळून, किल्ट शिवणाऱ्या बाईंना चार महिन्यांत पैसे देत. बाकी सगळे त्याचेही जुनेच. माझ्या मते त्याने बरोबर केले. पैसा घालायचा तर किल्टमध्ये घालावा. तो पुढच्या पिढीला जातो, स्पोरनकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

लग्नाच्या दिवशी पाऊस होता. वहिनींनी हिरवे इरकल नेसले होते. मुलीच्या आईने त्यांच्या घरच्या टार्टनची एक लांब पट्टी आणली. तिकडच्या बायका किल्ट घालत नाहीत, अशी पट्टी खांद्यावर घेऊन पिनेने अडकवतात. आता साडीवर ही घ्यायची कुठे, असा वहिनींना प्रश्न पडला. पण त्यांची पट्टी उजव्या खांद्यावर असते आणि आपला पदर डाव्या. दोन्ही बरोबर बसले.

दादा बाहेर आला तेव्हा मुलीच्या आजोबांनी त्याला मागे वळायला लावले, निऱ्यांवरून हात फिरवला आणि चांगले कापड आहे, कोणाकडून शिवले असे विचारले. दादाने खरे ते सांगितले, दानाच्या दुकानातून पंचाहत्तर पौंडांत. आजोबा एवढे खूश झाले की जेवताना त्यांनी ही गोष्ट तीन टेबलांवर जाऊन सांगितली. कोटाबद्दल विचारल्यावर मात्र दादाने खडेबाजाराचे नाव असे घेतले, जणू ते लंडनमध्ये आहे.

किल्ट आता बेळगावला आहे. लोकरीचा किल्ट सारखा धुवायचा नसतो. ब्रशने झटकायचा, वारा द्यायचा, निऱ्या कच्च्या टाक्याने धरून ठेवायच्या. वहिनींनी तो जुन्या सुती साडीत गुंडाळून, लवंगा आणि कडुनिंबाची सुकी पाने घालून आपल्या कपाटात ठेवला आहे, आजीच्या इरकलाच्या वरच्या खणात. भाच्याने कालच फोन केला होता. जानेवारीत त्याच्या एका मित्राला बर्न्स नाइटसाठी किल्ट हवा आहे, बाबांचा मिळेल का म्हणून. दादा म्हणाला, "माप विचार आधी. बेंबीवरचं."